‘लिनक्सला ब्लूटूथ झेपत नाही’ म्हणणाऱ्यांनो, आधी विंडोज नीट बंद करा

टर्मिनलवाला, धरमपेठ
परवा इथं एका भाऊनं लिहिलं, "विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तर लॅपटॉपचं ब्लूटूथच गायब. लिनक्सला ब्लूटूथ झेपत नाही, काढून फेकतो आता." खाली ‘सहमत’ची ही रांग. कोणी एकानं तरी विचारलं का, की बावा, विंडोज बंद कसं केलं होतं?

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे, म्हणजे लवकर सुरू व्हायची सोय. ‘शट डाउन’ दाबलं तरी ते पुरतं बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, अर्धं शटर ओढून आत गल्ला मोजत बसलेल्या दुकानदारासारखं. रीस्टार्ट केलं तर वेगळीच गंमत. ब्लूटूथ कार्डाचा करंट तुटतच नाही, विंडोजनं चिपमध्ये भरलेलं फर्मवेअर (चिपचं आतलं सॉफ्टवेअर) कधी कधी तसंच राहतं आणि लिनक्सचा ड्रायव्हर हाका मारत बसतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, ‘उणे ११०’ दिसलं की समजा, चिप उत्तरच देऊन नाही राहिली.

फास्ट स्टार्टअप काढा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग थेट लिनक्स सुरू करा. तरी नाही झालं तर आरएफकिल ही कमांड चालवून पहा, ब्लूटूथ सॉफ्टवेअरनं अडवलंय (सॉफ्ट ब्लॉक) की बटणानं (हार्ड). लिनक्स-फर्मवेअर पॅकेज जुनं आहे का ते पहा. त्यानंतर खुशाल शिव्या द्या.

निव्वळ_ग्राहक
ती पोस्ट माझी. चार्जर काढा, बटण दाबून धरा... नारळ फोडायचं राहिलं का? विंडोजमध्ये हेडफोन चालू केला की गाणं लागते. विषय संपला. मले ड्रायव्हरशी संसार नाही करायचा.

वऱ्हाडी_पेंग्विन
टर्मिनलवाले, तुम्ही सोपं तेवढंच सांगितलं. ब्लूटूथ दिसल्यावर खरा घोळ सुरू होतो. दोन्ही सिस्टिमला अ‍ॅडॉप्टर एकच, पत्ता एकच. पण पेअर केलं की प्रत्येक जण आपली वेगळी ‘की’, म्हणजे गुप्त किल्ली, बनवतो. लिनक्समध्ये जोडला की विंडोजची की मेली, तिकडं जोडला की इकडची. हेडफोनला वाटतं एकच लॅपटॉप आहे, रोज कुलूप बदलून राहिला.

उपाय आहे. आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये, मग विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या वहीत) बीटीएचपोर्टखाली पडलेली की उचलून लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरातल्या इन्फो फाइलीत टाका. पण ती की साध्या अ‍ॅडमिनलाही दिसत नाही, सिस्टिमचे अधिकार लागतात. आणि माउस लो एनर्जीवाला (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) निघाला तर एक की नाही, चार-पाच किमती, त्यातल्या काही दशमानात बदलून. हे माझ्या आईनं करायचं?

टर्मिनलवाला, धरमपेठ
आईनं ड्युअल बूट (एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम) काऊन करायचं? दोन संसार थाटले की दोन्हीकडचा बाजार आणावाच लागतो. शिवाय ही भानगड लिनक्सची नाहीच. एकाच लॅपटॉपवर दोनदा विंडोज टाका, हेच होईल.

सर्व्हिसवाला_मानेवाडा
सगळे सॉफ्टवेअरच धरून बसले. कार्ड कोणी उघडून पाहिलं? वायफाय आणि ब्लूटूथ एकाच बोटभर कार्डावर असतात. बहुतेक वेळा वायफाय पीसीआय एक्सप्रेस या आतल्या जोडणीवरून चालतं, ब्लूटूथ आतल्या यूएसबीवरून. कार्डावर अँटेनाच्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, टोकाला पिवळं टिकलीएवढं बटण. ते निसटलं की ब्लूटूथ हातभर अंतराच्या पुढं जात नाही. विंडोजमध्येही नाही.

आणि नागपुरात ते निसटतं कुलरमुळे! मे महिन्यात लोक लॅपटॉप थेट कुलरसमोर मांडतात. ओलावा आणि धूळ मिळून पंख्यात चिखल. मग पंखा साफ करायला आणतात, आणि उघडणारा घाईत वायर बसवायचा विसरतो.

इतवारी_ट्रेडर
म्हणजे तुम्हीच विसरता ना भाऊ! माझा लॅपटॉप एका दुकानात पंख्यासाठी दिला, परत आला तर ब्लूटूथ मेलेलं. विचारलं तर म्हणे ‘फॉर्मॅट मारावा लागेल’. तुम्हा लोकांना दुसरं काही येतं का? हिशेबाचा डेटा गेला माझा.

सर्व्हिसवाला_मानेवाडा
बॅकअप कोणी घ्यायचा, मी? बिल कमी करा म्हणताना तोंड सुटते, बॅकअप म्हटलं की ‘राहू द्या’. सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

महालची_मावशीबाई
कुलरसमोर नाही बसायचं तर काय करायचं? पारा ४५ वर, एसीचं बिल तुम्ही भरणार? माझं घरूनच काम, खसच्या पडद्याचा वास नाही आला तर मला सुचतच नाही.

सर्व्हिसवाला_मानेवाडा
बसा ना ताई. फक्त झोत लॅपटॉपवर नको, अंगावर घ्या. अन् खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमट उकाडा.

वऱ्हाडी_पेंग्विन
धागा ब्लूटूथचा आहे की खसचा?

इतवारी_ट्रेडर
खसचाच बरा. नाहीतर सरळ ब्लूटूथचं यूएसबी डोंगल घ्या, ते फक्त लिनक्समध्ये लावा. पत्ता वेगळा, की वेगळी, हेडफोनला तो दुसराच लॅपटॉप वाटेल. रजिस्ट्रीत बोटं घालायची गरज नाही.

टर्मिनलवाला, धरमपेठ
सीताबर्डीच्या फुटपाथवरचं घेऊ नका म्हणजे झालं. स्वस्त डोंगलमध्ये सीएसआर या कंपनीच्या नावानं नकली चिपा इतक्या आल्या की कर्नलला त्यांच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागली. लॉगमध्ये चक्क ‘अनब्रँडेड सीएसआर क्लोन’ अशी ओळ येते. बाकी व्यापाऱ्याचं डोकं चाललं, मान्य. आतलं कार्ड धडधाकट असताना वरून डोंगल लटकवायचं, हे मात्र माझ्या जिवावर येते.

निव्वळ_ग्राहक
फास्ट स्टार्टअप काढून पाहिलं. ब्लूटूथ दिसून राहिलं. म्हणून लिनक्स चांगलं झालं असं नाही, माउस अजून जोडल्या जात नाही.

टर्मिनलवाला, धरमपेठ
एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) आणि डीमेसेजचं आउटपुट इथं टाक. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, मजकूर टाक.

निव्वळ_ग्राहक
फोटोच टाकतो.