कमळाच्या आरएनएमध्ये राहिलेले इंट्रॉन: पर्यायी स्प्लायसिंग की डीएनएची भेसळ?

जलपर्ण:
नमस्कार. कमळाच्या पाकळ्या आणि कोवळी पाने यांतून काढलेल्या आरएनएचे क्रमनिर्धारण आम्ही करून घेतले. कापले जायला हवे होते असे कितीतरी इंट्रॉन (जनुकातले, अंतिम आरएनएमधून काढून टाकले जाणारे तुकडे) त्यात तसेच राहिलेले दिसतात. पाठ्यपुस्तकांत पर्यायी स्प्लायसिंग (एकाच जनुकाच्या आरएनएची वेगवेगळी कापणी-जोडणी) म्हणून बहुधा एखादा एक्झॉन (अंतिम आरएनएमध्ये ठेवला जाणारा तुकडा) वगळला गेल्याचे उदाहरण असते. तसे प्रकार आम्हाला थोडेच सापडले. हे खरे मानावे, की नमुन्यात डीएनए राहून गेला असावा?

पेशीकेंद्र:
दोन्ही शक्य आहे. एक्झॉन वगळला जाणे हा प्राण्यांमधला प्रमुख प्रकार. वनस्पतींत इंट्रॉन राखला जाणेच अधिक आढळते. माणसाचे इंट्रॉन लांबलचक आणि एक्झॉन आखूड असल्यामुळे तिथे स्प्लायसिंगची यंत्रणा एक्झॉनच्या दोन कडा ओळखते, तर वनस्पतींचे बरेच इंट्रॉन लहान असल्याने ती इंट्रॉनच्याच कडा ओळखते, आणि ही ओळख चुकली की तो इंट्रॉन आरएनएमध्ये राहून जातो.

मात्र भेसळ आधी तपासा. डीएनए मिसळला असेल, तर दोन जनुकांमधल्या रिकाम्या पट्ट्यांतही रीड्स (क्रमनिर्धारणातून मिळालेले छोटे अनुक्रम) दिसतील आणि एकाच जनुकाचे सगळे इंट्रॉन साधारण सारखेच भरलेले असतील. शेजारचे इंट्रॉन स्वच्छ कापलेले आणि एकच राहिलेला, असे चित्र असेल तर ते विश्वासार्ह. पडताळणीसाठी पीसीआर (निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची पद्धत) करताना एक प्रायमर (प्रतीची सुरुवात ठरवणारा छोटा तुकडा) त्याच जनुकातील दुसऱ्या, कापल्या गेलेल्या इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंचे एक्झॉन जुळतात त्या सांध्यावर बसवा. डीएनएमध्ये तो सांधाच नसल्यामुळे भेसळीतून पीसीआरचा पट्टा उमटणार नाही.

तळ्याकाठी:
संदर्भ जिनोम (रीड्स ज्याच्याशी जुळवून पाहतात तो संपूर्ण डीएनए अनुक्रम) कोणता घेतला? विदापेढ्यांत 'लोटस' शोधले की लोटस जॅपोनिकस ही शेंगावर्गीय वनस्पती आधी पुढे येते, आणि हा घोळ मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तुम्हाला नेलुम्बो न्यूसिफेरा, म्हणजे आपले कमळ, हवे. त्याच्या 'चायना अँटिक' वाणाचा जिनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात सुमारे २६,७०० जनुके वर्तवलेली आहेत. कुमुदाचा (वॉटर लिलीचा) जिनोमही चालणार नाही, कारण दिसायला सारखे असले तरी कमळाचे जवळचे नाते मॅकाडेमिया आणि चिनार यांच्याशी आहे. शिवाय रीड्स जुळवताना अराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीसाठी ठेवतात तशी इंट्रॉनच्या लांबीची आखूड मर्यादा ठेवू नका, कारण कमळाचे काही इंट्रॉन हजारो बेसांचे (डीएनएच्या अक्षरांचे) आहेत.

जलपर्ण:
संदर्भ नेलुम्बोचाच आहे, पण लांबीची मर्यादा खरोखरच आखूड ठेवली होती. जनुकांमधल्या पट्ट्या पानांच्या नमुन्यांत जवळजवळ रिकाम्या आहेत; पाकळ्यांच्या एका नमुन्यात मात्र रीड्स पसरलेल्या दिसतात. तो नमुना बाजूला ठेवून विश्लेषण पुन्हा करते.

पेशीकेंद्र:
योग्य. जे इंट्रॉन उरतील, त्यांतून नवे प्रथिन तयार होते असे लगेच लिहू नका. राहिलेल्या इंट्रॉनमध्ये बहुधा अकाली थांबा-संकेत (प्रथिन बनवणे थांबवणारी खूण) येतो आणि असे आरएनए केंद्रकातच अडकून राहतात किंवा नष्ट केले जातात.