मदत हवी आहे: ‘स्पेस सीड’ आणि ‘द रॅथ ऑफ खान’ मधल्या खुणा पोरांना आधी सांगाव्यात की नंतर?

नमस्कार मंडळी,

दिवाळीत भाचरं-पुतणे सावद्याला येतात, सगळे नववी ते बारावीतले. यंदा रात्री जेवणं आटोपली की ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळावरची जुनी अमेरिकी विज्ञानकथा दाखवायचं ठरवलंय. आधी मूळ मालिकेतला १९६७ चा ‘स्पेस सीड’ हा भाग, मग लगेच त्याच कथेला पुढे नेणारा १९८२ चा चित्रपट ‘द रॅथ ऑफ खान’. (पुढे स्पॉयलर आहेत.)

भागाच्या शेवटी यानाचा कॅप्टन कर्क, खलनायक खानला त्याच्या माणसांसकट सेटी अल्फा ५ या ग्रहावर सोडतो. तेव्हा कर्कचा सहकारी स्पॉक म्हणतो, आज पेरलंय त्याला काय पीक आलं ते शंभर वर्षांनी येऊन बघायला मजा येईल. केळीच्या बागांत वाढलेल्या पोरांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको! पण तेव्हा चित्रपट कुणाच्या डोक्यातही नव्हता. पुढे निर्माते हार्व्ह बेनेट जुने भाग बघत बसले आणि त्यातून त्यांनी हा निवडला. खानच्या भूमिकेत पुन्हा रिकार्डो मोंटालबानच. मागाहून जोडलेला धागा इतका घट्ट बसलाय याचं मला फार अप्रूप आहे.

चित्रपटातला एक प्रसंग तर भाग बघितल्याशिवाय पोचतच नाही. धुळीच्या वादळातून कर्कचा जुना सहकारी चेकॉव्ह एका निवाऱ्यात शिरतो, तिथं एका पट्ट्यावर ‘बॉटनी बे’ लिहिलेलं दिसतं आणि त्याचा चेहराच उतरतो. ते खानच्या जुन्या यानाचं नाव. तिथल्या पुस्तकांत मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ही दिसतं, आणि भागाच्या शेवटी खान मिल्टनचाच दाखला देतो.

चित्रपटाच्या आतली पेरणी मात्र जाणूनबुजून केलेली. सुरुवातीला ‘कोबायाशी मारू’ या, जिंकताच न येणाऱ्या परीक्षेच्या सरावात स्पॉक खोटाखोटा मरतो आणि कर्क नंतर त्याला विचारतो, तू मेला नव्हतास का? शेवटी काचेपलीकडून खराखुरा मरताना स्पॉक त्याच परीक्षेचा उल्लेख करतो. मला अजूनही तिथं भरून येतं.

आता अडचण अशी. आधी सांगितलं तर शेवटचा धक्का जातो. न सांगावं तर पोरं सरावाचा प्रसंग मोबाइल बघत घालवतील. तुम्ही घरच्यांना दाखवताना काय केलंत? मला वाटतं भागातल्या खुणा आधी सांगाव्यात आणि स्पॉकबद्दल अवाक्षर काढू नये, पण अनुभवी लोकांचं मत हवंय.

दुसरं, चित्रपटात खान चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. पण चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या सीझनला आणि ‘स्पेस सीड’ पहिल्यातला. थोरला पुतण्या हे पकडणारच. तो तेव्हा यानातच दुसरीकडे कामाला होता, एवढं सांगून भागेल का?

शिवाय मरणाआधी स्पॉक यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या चेहऱ्यावर हात ठेवून ‘रिमेंबर’ म्हणतो, त्याचा उलगडा १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात होतो. तो दुसऱ्याच रात्री लावावा, की पोरांना दोन-चार दिवस स्पॉक गेला असंच वाटू द्यावं? भाऊबीजेनंतर सगळे परत जातात, तेवढं लक्षात घेऊन सांगा.