शब्दचर्चा: पॅम्फ्लेट म्हणजे पत्रक की पुस्तिका?

मार्टिन ल्यूथर, म्हणजे सोळाव्या शतकात चर्चशी भांडलेला जर्मन धर्मसुधारक, याच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. 'पॅम्फ्लेट'ला सगळीकडे 'पत्रक' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'पुस्तिका' केलं. पेपरात घालून येणाऱ्या क्लासच्या जाहिरातीला आपण पॅम्प्लेटच म्हणतो ना? मग पत्रकात काय बिघडलं?

●

घोटाळा त्या 'पॅम्प्लेट'नेच केलाय. मराठीत आल्यावर ते एका पानावर आलं. ल्यूथरच्या वेळचं तसं नव्हतं. एक कागद घ्या, दोनदा घडी घाला. चार पानं, आठ पृष्ठं. आकडे टाका आणि घडी उलगडा: एका बाजूला १, ८, ४, ५ येतील, त्यातले ४ आणि ५ उलटे. छापणारे अक्षरांचे खिळे याच क्रमाने लावत. पापमुक्तिपत्रांवरचं (चर्च पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देई, ती पत्रं) ल्यूथरचं 1518 मधलं जर्मन प्रवचन, 20 मुद्द्यांचं, असल्या आठ पृष्ठांत मावलं. बांधणी नाही, पुठ्ठा नाही. थोडा कागद, थोडे दिवस, म्हणून गावोगावचे छापखाने ते भराभर पुन्हा छापत सुटले.

जर्मनमध्ये यासाठी दोन शब्द आहेत. एका पानाचं ते 'फ्लुगब्लाट', म्हणजे उडतं पान. अनेक पानांचं ते 'फ्लुगश्रिफ्ट', उडतं लिखाण. आपली 'उडती बातमी' आठवते की नाही? पहिल्याला पत्रक म्हणा, दुसऱ्याला नको. युनेस्कोच्या व्याख्येतही पॅम्फ्लेट 5 ते 48 पृष्ठांचं, मुखपृष्ठ सोडून.

●

मूळ शब्द तर छापखान्याहून जुना. 'पॅम्फिलस' नावाचं बाराव्या शतकातलं एक छोटेखानी लॅटिन प्रेमकाव्य भलतंच गाजलं. त्याला लाडाने 'पॅम्फिलेट' म्हणू लागले, आणि पुढे कुठल्याही चिटुकल्या पुस्तकाला तेच नाव पडलं. पुस्तकवेडा बिशप रिचर्ड द बरी 1340च्या दशकात लिहितो, की शृंगारलेल्या घोड्यांपेक्षा मला बारीकशी 'पानफ्लेट' प्यारी. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गला अजून शंभरेक वर्षं अवकाश होता! प्रेमकवितेचं नाव पुढे भांडणाऱ्या कागदांना चिकटलं, याची मला गंमत वाटते.

●

म्हणजे संपादक बरोबर. पण 'पुस्तिका' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लसीकरणाची माहितीपुस्तिका येते, त्यात भांडण कुठलं?

●

ते खरंय. मी पहिल्यांदा 'वादाची पुस्तिका' लिहीन, नंतर नुसतं 'पुस्तिका'. 'चोपडी' मात्र नको, वाण्याच्या हिशेबाची वाटते.