संरक्षण म्हणे! ब्रिटनमधला अपंगांचा भत्ता आणि दर एप्रिलला विरघळणारी रक्कम

क्रॉयडनचा_कारकून (धागाकर्ता)

इकडे मराठी मंडळात लोकांचे सरकारी फॉर्म भरून द्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. त्यातून एका काकूंकडे जाणं होतं. वय ५८, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) हा मज्जासंस्थेचा आजार, एकट्याच राहतात. उजव्या हातात जोर नाही. कुकरचं झाकण बसवता येत नाही, म्हणून कुकर कपाटावर गेला तो गेलाच. आता डाळ मायक्रोवेव्हमध्ये शिजते, निम्मी कच्ची.

तर मुद्दा असा. आजारपणामुळे ज्यांना काम जमत नाही त्यांना इथं पूर्वी ईएसए नावाचा भत्ता मिळायचा. त्यात एसडीपी म्हणून एक जादा रक्कम असे. ज्याला रोजच्या व्यवहारांसाठी 'पिप' हा अपंगत्वाचा भत्ता मिळतो, जो एकटा राहतो आणि ज्याची काळजी घेतो म्हणून कुणी सरकारकडून पैसे घेत नाही, अशासाठी. २०२४-२५ साली आठवड्याला ८१.५० पौंड. काकू त्यातून घरकामाला बाई लावत, दवाखान्याला टॅक्सीने जात. पण २०१३ पासून सहा जुने भत्ते मोडून एकच युनिव्हर्सल क्रेडिट आणलं, आणि त्यात एसडीपीला जागाच ठेवली नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंना नोटीस आली: तीन महिन्यांत नवा अर्ज करा, नाहीतर जुना भत्ता बंद. बसून हिशेब केला. भाडं आणि पिप सोडून जुन्या पद्धतीत महिना १,०४२ पौंड, नव्यात ८१०. सरकार म्हणालं, घाबरू नका, मधला २३२ चा फरक आम्ही देऊ. याचं नाव ट्रान्झिशनल प्रोटेक्शन. दिला, खोटं कशाला बोलू? मग एप्रिलमध्ये सगळ्यांचे दर वाढले. काकूंचे वाढले १३.७७ पौंड, आणि बरोबर तेवढेच त्या संरक्षणातून उतरले. त्याच महिन्यात घरभाडं १६ पौंडांनी वाढलं. भाड्याची मदत १६ ने वाढली, संरक्षण आणखी १६ ने उतरलं. म्हणजे वाढीव भाडं काकूंनी पोटाच्या पैशातून भरायचं.

मला विचारतात, "मी सांगितलं होतं का रे घरमालकाला भाडं वाढव म्हणून?"

याला संरक्षण म्हणणं ही थट्टा आहे, असं माझं मत. तुमचं सांगा.

बेरीज_वजाबाकी

धागाकर्ते, अर्धाच हिशेब दिलात. २०१८-१९ चे दर काढून बघा. एसडीपी न मिळणारा, तितकाच आजारी, एकटा माणूस ईएसएच्या वरच्या गटात (ज्यांना काम अजिबात जमणार नाही असे) महिन्याला साधारण ५५१ पौंड घेत होता. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये त्याला ६४६ मिळू लागले. ९५ पौंड जास्त! जुन्या जादा रकमा काढून त्या पैशातून हा मुख्य दर वाढवतोय, असं सरकारने तेव्हा उघड सांगितलं होतं.

आणि एसडीपी म्हणजे काय होतं? ज्याला माहीत त्यालाच मिळे. फॉर्मच्या जंगलात शोधायला तुमच्यासारखा कारकून लागायचा.

फरक हळूहळू जिरणं हा दोष नव्हे, योजना मुळात तशीच आखली आहे. नाहीतर एका जिन्यावरच्या दोन घरांत, एकाच आजाराच्या दोघांना वीस वर्षं वेगवेगळी रक्कम. ते न्याय्य कसं?

क्रॉयडनचा_कारकून

९५ मान्य. पण ते आले कुठून? ज्याला उठून पाणी द्यायलाही घरात माणूस नाही, त्याच्या वाटीतून. पैसा एका आजाऱ्याकडून दुसऱ्या आजाऱ्याकडे सरकवला आणि त्याला सुधारणा म्हटलं.

माहीत असेल त्यालाच मिळे म्हणता. मग लोकांना माहिती द्यायची की भत्ताच काढून टाकायचा?

कज्जेदलाल

कोर्टात काय झालं तेही इथं यायला हवं. २०१८ च्या जूनमध्ये लंडनच्या हायकोर्टाने दोन माणसांच्या बाजूने निकाल दिला. कागदोपत्री त्यांची नावं फक्त टीपी आणि एआर. टीपीला असाध्य आजार, उपचारांसाठी लंडनला परतला. एआरला जादा खोलीपायी भाड्याची मदत कापली जात होती, ते परवडेना म्हणून तो मिडल्सब्रो सोडून हार्टलपूलला लहान घरात गेला. ही दोन्ही गावं हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. पण कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, हद्द ओलांडली की जुनी भाड्याची मदत बंद, नवीन फक्त युनिव्हर्सल क्रेडिटमधून, आणि तिचा अर्ज केला की बाकीचे जुने भत्तेही गेले. महिन्याला सुमारे १७८ पौंडांचा फटका, भरपाई शून्य. कोर्ट म्हणालं, हा भेदभाव आहे.

सरकार अपिलात गेलं, जानेवारी २०२० मध्ये तिथंही हरलं. दरम्यान १६ जानेवारी २०१९ पासून दोन वर्षं एसडीपीवाल्यांना नव्या योजनेत ढकलणं थांबवलं होतं. २७ जानेवारी २०२१ ला तो अडसर काढला आणि त्यानंतर असं घर बदलणाऱ्यांनाही भरपाई मिळू लागली. काकूंसारख्या एकट्या माणसाला महिना १२०. बुडतात १८० च्या आसपास, देणार १२०! पुन्हा कोर्ट, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सरकार हरलं, आणि राहिलेल्या भागाची सोय नियमांत आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. असाध्य आजाराच्या माणसाने २०१८ साली जिंकलेला खटला आहे हा.

व्हिसावरचा_वाटसरू

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. टॅक्स भरतो, वर माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार. आणि व्हिसावर शिक्का: सरकारी भत्त्यांवर हक्क नाही. उद्या मला काकूंचा आजार झाला तर मला १,०४२ नाही आणि ८१० पण नाही. विमानाचं तिकीट फक्त. अशा माणसाला '२३२ चे २०२ झाले' हे ऐकवता?

क्रॉयडनचा_कारकून

राग कशाला. तुमच्यावर अन्याय होतोय, तो वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण तुम्हाला मिळत नाही म्हणून काकूंचं उतरावं, हे गणित कुठल्या शाळेतलं? आणि काकूंनी हात चालत होता तोवर बावीस वर्षं इथल्या कारखान्यात काम केलंय, टॅक्स त्यांनीही भरलाय.

चंद्रभागेकाठी

आमच्याकडे भावाला संजय गांधी निराधारचे १,५०० मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना २,५०० केलेत. रुपये बरं का. तुमच्या काकूंची एक महिन्याची कपात म्हणजे आमचा महिन्याचा भत्ता पार. दरवर्षी हयातीचा दाखला, तलाठी, रांग, सर्व्हर डाऊन, सगळं आहेच. हेवा नाही करत. पण एक सांगते, आमच्याकडे रक्कम वाढली तेव्हा ती हातात वाढली. एका हाताने देऊन दुसऱ्याने काढली नाही. तुमचं ऐकून तेवढ्यापुरतं तहसील बरं वाटलं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

उगाच_एक_शंका

मला एसडीपीची अटच पटत नाही. एकटं राहिलात तर पैसे. उद्या काकूंचा भाचा नोकरीला लागून सोबत राहायला आला की बंद. बहिणीने काळजी घेण्याचा भत्ता घेतला की बंद. म्हणजे सरकार आजारी माणसाला सांगतंय, कुणाला घरात घेऊ नका. आपल्या घरांत हे चालतं का? असली अट गेली ते बरंच झालं म्हणेन.

क्रॉयडनचा_कारकून

या एका प्रतिसादापुढे मी जरा अडलो. काकूंचा भाचा खरंच येणार होता २०१९ मध्ये. हिशेब करून काकूंनीच नको म्हटलं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

पण अट वाकडी होती तर ती सरळ करायची. अटीबरोबर पैसेही नेले. आज भाचा आला तर अडवणारं कुणी नाही, आणि यायला भाचाही नाही. तो मेलबर्नला.

बेरीज_वजाबाकी

मग काय, जुनं कायमचं चालू ठेवायचं? कुठं तरी रेघ ओढावी लागते हो. सहा भत्त्यांचे सहा फॉर्म भरत होता तेव्हाही तुम्हीच इथं ओरडत होतात.

क्रॉयडनचा_कारकून

ओरडत होतो, बरोबर. रेघ कुठं ओढली ते ऐका मग. काकू निवृत्तीच्या वयाच्या झाल्या की त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट नाही, पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा भत्ता. आणि त्या पेन्शन क्रेडिटमध्ये एकट्या राहणाऱ्या अपंगाची जादा रक्कम आजही आहे, जवळपास त्याच अटी, २०२५-२६ साली आठवड्याला ८२.९० पौंड. म्हणजे गरज असते हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. फक्त ५८ व्या वर्षी नसते, ६७ व्या वर्षी असते.

बेरीज_वजाबाकी

हे मला माहीत नव्हतं. पण पेन्शनरांची मतं असतात, हे त्यामागचं खरं कारण. तुमच्या मुद्द्याला यातून बळ मिळतं असं मला वाटत नाही. माझं मत तेच: दोन्हीकडे एकच नियम हवा, आणि तो नव्या पद्धतीचा.

कज्जेदलाल

धागाकर्ते, बाकी वाद चालू द्या. एप्रिलच्या विवरणात भाड्याच्या मदतीची नवी रक्कम बरोबर धरलीय का ते तपासलंत? सर्व्हिस चार्जचा भाग सुटून जातो कधीकधी. चूक असेल तर फेरविचाराला एका महिन्याची मुदत असते, उशिरा मागायचा तर कारण द्यावं लागतं.

क्रॉयडनचा_कारकून

नाही तपासलं. काकूंचा पासवर्ड डायरीत आहे आणि डायरी त्या कुकरच्या कपाटावर. शनिवारी जातोय, स्टूल घेऊन.