नाटकाचं शूटिंग: थिएटरात कॅमेरा हवाच कशाला?

विंगेतला: रंगदेवतांच्या कालच्या पोस्टचं सार एवढंच, की नाटक ही जिवंत कला, म्हणून थिएटरात कॅमेरा दिसला की बाहेर काढा. वाचून डोकं सणकलं. हौशी मंडळींनी तीन महिने तालमी करायच्या, राज्य नाट्य स्पर्धेत एक प्रयोग लावायचा, प्राथमिकला बाद व्हायचं आणि सेट भंगारात. मग उरतं काय? २००६च्या आमच्या प्रयोगाच्या दोन मिनीडीव्ही टेप, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट, आहेत. एक टेप साठ मिनिटांची, ती बदलेपर्यंत नायिकेचं लग्न मोडून गेलेलं. तरी तेवढंच आहे.

रंगदेवता: आणि ते बघवतं का, खरं सांगा. मागे काळा पडदा, कॅमेरा ऑटोवर. तो बापडा अंधार बघून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि स्पॉटमधला नट म्हणजे सोललेला उकडलेला बटाटा. नाकडोळे गायब. हेच का तुमचं नाटक, म्हणतील उद्याची पोरं.

लाइटवाला: लग्नाच्या शूटिंगवाल्याला बोलावलं की असंच होणार. एक्स्पोजर मॅन्युअल, चेहऱ्यावर बघून लॉक. हॅलोजन असतील तर चेहरे पिवळे पडू नयेत म्हणून व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन. आवाज थिएटरच्या साउंड मिक्सरवरून घ्या, कॅमेऱ्याच्या माइकवर पुढच्या रांगेतला खोकलाच येतो. आणि रंगीत तालमीला एकदा येऊन बसा ना!

तिसरी घंटा: खोकला परवडला. घंटा होऊन वीस मिनिटांनी येणाऱ्यांचं बोला आधी. मोबाइलचा टॉर्च पाजळत "एफ बारा कुठंय हो?" गेल्या रविवारी एक बाई माझ्या मांडीवर बसता बसता राहिल्या.

लाइटवाला: विषय काय, बोलताय काय?

तिसरी घंटा: विषय तोच! तुमचा ट्रायपॉड मधल्या वाटेत, त्याचा स्क्रीन अख्खा अंक माझ्या डोळ्यात. चारशे रुपये तो बघायला मोजले का?

कोथरूडकर: उशिरा येणाऱ्यांना बोलता, पार्किंगला तीन चकरा मारून बघा एकदा.

तिसरी घंटा: रिक्षाने या की.

कोथरूडकर: रिक्षावाला हो म्हणतो? कुठल्या पुण्यात राहता आपण?

गल्ला: पार्किंगवर वेगळा धागा काढा. आमच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश एका रसिकाने यूट्यूबवर टाकला. रहस्य फुटलं, पुढच्या दोन प्रयोगांना बाल्कनी रिकामी. कॉपीराइट कायद्यात १९९४पासून नटाचाही हक्क आहे, लेखकाचा तर आहेच. विचारायला तोंड दिलंय ना देवाने?

विंगेतला: परवानगी घ्यावी, मान्य. बंदी नाही. परीक्षकांना आडवं नको म्हणून आमचा कॅमेरा विंगेला खेटून होता, त्यामुळे नायकापेक्षा प्रॉम्प्टरच मोठ्याने ऐकू येतो. प्रॉम्प्टर आमचे बाबा. एका जागी नायक ठप्प. बाबा तेच वाक्य तीनदा देतात, चौथ्यांदा "बोल की रे गाढवा!" बाद का झालो ते टेपवर स्पष्ट आहे. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आई दर दिवाळीला तेवढाच तुकडा लावायला सांगते.

रंगदेवता: बरं. गाढवापुरता कॅमेरा राहू द्या. पण शेवटच्या रांगेमागे, स्क्रीनवर काळं फडकं टाकून.

तिसरी घंटा: आणि घंटेनंतर दारं बंद.

कोथरूडकर: आधी पार्किंग.