केव्ह डायव्हिंगचं कार्ड: सुट्टीत मिळवलेल्या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवायचा का?

कोकणी_पाणबुडी
ओळखीतला एकजण नुकताच मेक्सिकोत तुलूमला जाऊन केव्हर्न, इंट्रो, फुल केव्ह असे पाण्याने भरलेल्या गुहांत उतरायचे सगळे कोर्स एकाच सुट्टीत उरकून आला. आधीचा अनुभव म्हणजे गोव्याचं ग्रँड आयलंड, अंदमान, थोडं मालदीव, म्हणजे सगळं मोकळं पाणी. आता म्हणतोय पुढच्या वर्षी तुम्ही पण चला, मी आहे ना. पोरगा चांगला आहे, पाण्यात शांत असतो, पण मोकळ्या समुद्रात काही बिनसलं तर शेवटी वर तरी जाता येतं, गुहेत डोक्यावर छत, जिथून शिरलात तिथूनच बाहेर, आणि एवढ्या गोष्टीचं कार्ड आठ-दहा दिवसांत मिळत असेल तर त्याला अर्थ काय? सरकारी परीक्षा नाही, बोर्ड नाही. ट्रेनिंग देणारी एजन्सी खासगी, स्टँडर्ड तिचं, इन्स्ट्रक्टर तिचा, कार्डामागे फीही तिलाच. मला तर आरटीओच्या एजंटाकडून लायसन्स काढल्यासारखं वाटतं.

गेन्सव्हिलकर
आरटीओ? काहीही काय! मी नॉर्थ फ्लोरिडात राहतो, इथल्या स्प्रिंग्जमध्ये, म्हणजे झऱ्यांच्या पाण्याखालच्या गुहांत, लोक मरत होते म्हणून तर हे सगळे नियम आले. शेक एक्स्ली या नामांकित केव्ह डायव्हरने १९७९ मध्ये अपघातांची चिरफाड केली तर कारणं परत परत तीच निघाली, बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत सलग दोरी नाही, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखलेली नाही, झेपेल त्याहून खोल गेलेले. नंतर त्यात ट्रेनिंग आणि प्रत्येकी तीन लाइट हे दोन जोडले गेले. आजही कोर्स याच पाच गोष्टींवर उभा आहे. इथे गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली यमदूताच्या चित्राची पाटी असते, तिच्यावर लिहिलंय की अशा गुहांमध्ये ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरसुद्धा मेलेत. म्हणजे बाकीचं डायव्हिंग कितीही येत असलं तरी हे वेगळं शिकावं लागतं. आणि फेल करतात हो, माझ्यासमोर एकाला सांगितलंय की तुझं ट्रिम, म्हणजे पाण्यात आडवं राहणं, सुधार, फिनने गाळ उडवतोयस, सहा महिन्यांनी ये.

मुळशीचा_मासा
@गेन्सव्हिलकर मेलेले बहुतेक न शिकलेले होते, मान्य. त्यावरून एवढंच कळतं की न शिकता जाऊ नये. आठवडाभर शिकलं की पुरतं हे त्यातून कुठे निघालं? आणि तुमचा एक्स्ली स्वतः १९९४ ला मेक्सिकोत झाकातोन नावाच्या पाण्याने भरलेल्या खोल खड्ड्यात मेलाच की. ब्रिटनमध्ये बघा, केव्ह डायव्हिंग ग्रुप १९४६ पासून आहे, तिथे आठवड्याचा कोर्स विकत मिळत नाही, ट्रेनी म्हणून जुन्या लोकांच्या हाताखाली राहायचं, त्यांची खात्री पटली तरच पुढे. २०१८ ला थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या त्या मुलांपर्यंत पोचलेले स्टँटन आणि व्होलंथन याच ग्रुपचे. ज्याने फी घेतली त्यानेच पास-नापास ठरवायचं हे मला पटतच नाही.

वाडीकर_सांगली
थोडं विषयांतर, त्याच थाम लुआंगला पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे इंजिनिअर होते बरं का :) चालू द्या.

गेन्सव्हिलकर
@मुळशीचा_मासा एक्स्ली तिथे हजार फूट खोल जायच्या प्रयत्नात गेला, त्याचा फुल केव्ह कोर्सशी काय संबंध? उगाच काहीतरी जोडू नका. आणि ब्रिटनमधले लोक आधी वर्षानुवर्षं कोरड्या गुहांत सरपटलेले असतात, पाणी आडवं आलं म्हणून डायव्हिंग शिकतात, थंड गढूळ पाणी, अरुंद जागा. ती पद्धत तुलूमला येणाऱ्या टुरिस्टला कशी लावणार? शिवाय गुरूच अर्धवट निघाला तर? एजन्सीत निदान स्टँडर्ड लिहिलेलं असतं, तक्रार करायला जागा असते.

ॲडलेडची_आत्या
तुम्ही दोघं इन्स्ट्रक्टरवरच अडकलायत. आमच्याकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियरच्या गुहांत १९६९ ते ७४ मध्ये ११ जण मेले, त्यातले ४ एकाच डाइव्हमध्ये, १९७३ ला, द शाफ्ट नावाच्या गुहेत. बंदीची भाषा सुरू झाली तेव्हा डायव्हर्सनीच त्याच वर्षी असोसिएशन काढली, गुहांना ग्रेड लावले आणि जमीनमालकांशी बोलून ठरवलं की त्या ग्रेडचं कार्ड नसेल तर आत सोडायचं नाही. म्हणजे ज्याला फीशी देणंघेणं नाही असा कोणीतरी दारात उभा राहिला. नुसता कोर्स कडक करून ते झालं नसतं.

मुळशीचा_मासा
आत्या, हे पटलं. पण दारातला माणूस कार्ड बघतो, हात कुठे बघतो? लॉस्ट लाइन ड्रिल घ्या, म्हणजे अंधारात दोरी हातातून सुटली तर काय करायचं याचा सराव. मास्कवर काळं लावतात, दोरीपासून बाजूला नेऊन सोडतात, मग तुम्ही स्पूल, म्हणजे दोऱ्याची फिरकी, काढायचा, चाचपडत खडक शोधून त्याला गाठ मारायची आणि दोरा सोडत सोडत हाताने हवेत, म्हणजे पाण्यात, मुख्य दोरी शोधायची, मिळाली की बोटांनी तिच्यावर लावलेला ॲरो चाचपायचा, टोक ज्या बाजूला ती बाहेरची बाजू. हे सगळं इन्स्ट्रक्टर हाताच्या अंतरावर असताना जमलं म्हणून कार्ड मिळालं. वर्षभराने जमेल? मोकळ्या समुद्रात हे कोण करतंय? आणि कार्डाला बहुतेक एजन्सीत एक्स्पायरीच नाही.

कोकणी_पाणबुडी
हेच मी त्याला विचारलं, की परत आल्यापासून दोरीची रील हातात घेतलीस का. म्हणाला पुण्यात कुठे घेऊ, जायच्या आधी एक रिफ्रेशर करू. मी सांगितलं, मी फक्त केव्हर्न टूरला येणार, उजेड दिसतो तिथपर्यंत, आणि तेही तिथल्या गाइडबरोबर, तुझ्याबरोबर नाही. जरा फुगलाय.

गेन्सव्हिलकर
फुगू दे. आणि गाइड आहे म्हणून डोळे मिटून जाऊ नकोस, तो स्वतः फुल केव्ह आहे का विचार, त्याच्या अंगावर डबल टँक आहेत का बघ, आणि एका गाइडमागे चारपेक्षा जास्त डायव्हर दिसले तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नकोस.

मुळशीचा_मासा
यावर मात्र +१. बाकी आरटीओच्या मुद्द्यावर मी कोकणी_पाणबुडीच्याच बाजूने.