एमआरआय १.५ टेस्ला की ३ टेस्ला? बाबांना सीएए-आरआयची शंका, सल्ला हवा

ओवी_७
बाबा ७३ वर्षांचे. काही आठवड्यांतच विसरायला लागले, चिडचिड वाढली, मग फिट आली. सीटीत एका बाजूला सूज दिसली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून दाह झाला असावा, म्हणजे सीएए-आरआय, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणतात. एमआरआय कुठल्या मशीनवर करावा, १.५ की ३ टेस्ला (चुंबकाची ताकद)? कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन हवंच का? हात आखडता आहे, पेट स्कॅन झेपणार नाही.

रानवाट
३ टेस्लाच. आईचा आधी १.५ वर केला, नंतर ३ वर. रक्तस्रावाचे ठिपके कितीतरी जास्त दिसले. पैशांकडे बघू नका.

सदानंद_क
पेटच करा. अमायलॉइड आहे की नाही, निकाल लागतो. आम्ही केलं, निर्धास्त झालो.

मेघमल्हार
पेटमध्ये अमायलॉइड दिसेल, दाह नाही. या वयात धडधाकट माणसांचंही पॉझिटिव्ह येतं.
ओवी, मी एमआरआय टेक्निशियन आहे. टेस्लापेक्षा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचे प्रकार, विचारा: फ्लेअर, डीडब्ल्यूआय आणि एसडब्ल्यूआय. फ्लेअरवर सूज दिसते, दोन्ही बाजूंना असमान, थेट कॉर्टेक्सखालपर्यंत (मेंदूच्या बाहेरच्या थराखाली) गेलेली. एसडब्ल्यूआयवर कॉर्टेक्सलगत बारीक काळे ठिपके, म्हणजे रक्तस्रावाच्या खुणा. डीडब्ल्यूआय ताजा स्ट्रोक वगळायला. या आजाराच्या निदानाचे २०१६ चे निकष मुख्यतः सूज आणि ठिपके यांच्या जोडीवर उभे आहेत, कॉन्ट्रास्टची अट नाही. एसडब्ल्यूआय नसेल तर ठिपक्यांसाठी निदान जीआरई हा सिक्वेन्स तरी हवाच.

रानवाट
तरी ३ टेस्लाच म्हणेन.

अपर्णा_जो
कॉन्ट्रास्ट टाळू नका! काकांचा साधा स्कॅन बघून ट्यूमर म्हणाले, बायोप्सी ठरली. कॉन्ट्रास्टमध्ये मेंदूचं आवरण उजळलं, तेव्हा डॉक्टर थांबले. स्टिरॉइडवर सूज ओसरली. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) मात्र बघा. आणि बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? डॉक्टरांना आजच सांगा.

सदानंद_क
हे अल्झायमरच्या नव्या इंजेक्शनने होतं ना?

मेघमल्हार
लेकानेमॅबसारख्या औषधांनी अशीच सूज येऊ शकते, तिला एरिया म्हणतात. स्कॅनवर दोन्ही सारखे दिसतात. इथे तो प्रश्नच नाही. पेटचा आग्रह सोडा आता.

सदानंद_क
आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं पेट.

ओवी_७
सगळ्यांचे आभार. १.५ वर, कॉन्ट्रास्टशिवाय करतेय. सेंटरला फोन करून एसडब्ल्यूआय आहे याची खात्री केली. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यामुळे चित्र स्पष्ट नसेल तरच कॉन्ट्रास्ट, असं डॉक्टर म्हणाले. वाचलेले पैसे स्टिरॉइडनंतरच्या स्कॅनला ठेवते, तोही याच मशीनवर, म्हणजे तुलना नीट होईल. अपर्णाताई, बाबा ॲस्पिरिन घेत होते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी थांबवायला सांगितलं.